आधी मीटर, मग टिपा: ठाणे–नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये पैसा आणि कष्ट नेमके कुठे वाचतात

घरगुती टिपांना आपल्याकडे तोटा नाही. सकाळी फोन उघडला की लिंबाच्या सालींपासून उरलेल्या साबणाच्या चुऱ्यापर्यंत काही ना काही वाचवायचा सल्ला येऊन पडलेला असतो. त्यातल्या बऱ्याच टिपा खोट्या नसतात, पण किरकोळ असतात. साबणाच्या चुऱ्याची वडी थापायला अर्धा तास जातो, त्यातून पाच रुपये वाचतात. त्याच वेळी हॉलमधला सेट-टॉप बॉक्स वर्षभर रात्रंदिवस वीज खात बसलेला असतो आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी मोजायचं, मग जिथे मोठी गळती दिसेल तिथे हात घालायचा. घोडबंदर रोडवरचा टॉवर असो, नौपाड्यातली जुनी इमारत असो की वाशी-नेरुळमधली सिडकोची घरं, आपल्या भागात गळतीच्या जागा साधारण त्याच असतात: वीज, पाणी, गॅस आणि पावसाळ्यातली ओल.

विजेचं बिल वाचायला शिका

बिलात वरची मोठी रक्कम बघून आपण ते बाजूला ठेवतो. कामाचा भाग त्याखाली असतो. घरगुती दराचे टप्पे शंभर युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे असतात. अनेकांना वाटतं की शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळीच युनिटं महाग होतात. तसं नाही. पहिल्या शंभराला पहिलाच दर लागतो, वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना. पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचे पैसे) लागतो आणि घरगुती ग्राहकांना १६ टक्के वीज शुल्क. त्यामुळे ‘एका युनिटला किती पडतं’ हे काढताना एकूण बिल भागिले युनिट असं करू नका. स्थिर आकार सोडून द्या, वरच्या टप्प्याचा दर अधिक वहन आकार घ्या आणि त्यावर शुल्क लावा. हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा, पुढचे सगळे हिशेब त्यावरच करायचे आहेत. मी इथे सोयीसाठी दहा रुपये धरते आहे, तुमचा आकडा वेगळा असेल.

बिलावर आणखी दोन गोष्टी पाहा. लवकर भरल्यास किती रक्कम ते वेगळं छापलेलं असतं, ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. आणि नवा टीओडी मीटर (‘टाइम ऑफ डे’, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा) बसला असेल तर दिवसाच्या काही तासांच्या वापराला वेगळा दर लावला आहे का ते तपासा. लावला असेल तर वॉशिंग मशीन आणि इस्त्री त्या वेळेत सरकवणं हा फुकटचा फायदा आहे. (कळवा, मुंब्रा, शिळ भागात २०२० पासून वितरण टोरेंटकडे आहे, बाकी बहुतेक ठिकाणी महावितरण. बिलाची मांडणी थोडी निराळी असली तरी कामाचे रकाने हेच.)

रात्रीची मीटर-चाचणी

याला एक पैसा लागत नाही, फक्त दोन माणसं आणि एक फोन लागतो, कारण आपल्याकडे मीटर बहुधा खाली मीटर रूममध्ये असतात.

१. रात्री झोपायच्या आधी घरातले दिवे, पंखे, एसी, फ्रिज सगळं नेहमीच्या बटणांनी बंद करा. टीव्ही रिमोटने बंद करता ना, मग आजही रिमोटनेच करा. मेन स्विच चालूच ठेवा. इन्व्हर्टर असेल तर तोही तात्पुरता बंद.

२. एकाने खाली जाऊन आपल्या मीटरवरचा लाल दिवा पाहायचा. मीटरच्या तोंडावर बारीक अक्षरांत एका युनिटला किती लुकलुक ते लिहिलेलं असतं, अनेक मीटरांवर ३२००, काहींवर १६००.

३. एका लुकलुकीपासून पुढच्या लुकलुकीपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा. ३२०० चा मीटर असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, १६०० चा असेल तर २२५० ला. उत्तर येतं ते वॅट.

समजा पंचेचाळीस सेकंदांनी एकदा दिवा लुकलुकला. ११२५ भागिले ४५ म्हणजे २५ वॅट. सगळं ‘बंद’ असताना घर २५ वॅट ओढतंय. चोवीस तास, तीस दिवस म्हणजे महिन्याला अठरा युनिटं. आता वरच्या माणसाने एकेक प्लग काढायचा आणि खालच्याने सेकंद मोजायचे. बहुतेक घरांत सेट-टॉप बॉक्स पहिला सापडतो. रिमोटने बंद केल्यावरही तो जवळजवळ चालूइतकीच वीज घेत राहतो. दहा वॅटचा असेल तर महिन्याला सात युनिटं. त्याच्या प्लगला वेगळं बटण हवं, एवढंच.

आणि हो, मोबाइलचा रिकामा चार्जर प्लगमध्ये राहिला म्हणून मुलांना ओरडणं थांबवा. आताचे चार्जर रिकामे असताना इतकं कमी ओढतात की महिन्याभरात एक युनिटही होत नाही.

घराचा मेन स्विच बंद करूनही मीटरचा दिवा लुकलुकत असेल, तर प्रकरण तुमच्या घरातलं नाही. तुमच्या मीटरवर दुसरं काही जोडलं गेलं असेल किंवा मीटरच बिघडला असेल. अशा वेळी स्वतः काही उघडू नका. फोनवर व्हिडिओ काढून ठेवा, सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला दाखवा आणि वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्या.

पंखा, एसी, गिझर

आपल्या हवेत पंखा वर्षातले दहा महिने तरी फिरतो. जुना पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) तीसेक. रोज बारा तास धरले तर महिन्याला २७ युनिटं विरुद्ध ११. एका पंख्यामागे सोळा युनिटं, म्हणजे आपल्या हिशेबाने १६० रुपये. पंख्याची किंमत दोन वर्षांच्या आत वसूल होते. पण घरातले सगळे पंखे एकदम बदलू नका. जो पंखा रोज बारा तास फिरतो तोच बदला, पाहुण्यांच्या खोलीतला जुना पंखा मरेपर्यंत चालू द्या. बसवताना जुना रेग्युलेटर काढून सरळ जोडणी करून घ्या. या पंख्यांचा वेग रिमोटने बदलायचा असतो, जुन्या रेग्युलेटरवर ते नीट चालत नाहीत.

एसीबद्दल ठरलेला सल्ला सगळ्यांना पाठ आहे: तापमान चोवीसच्या खाली नेऊ नका. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या म्हणण्यानुसार एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. मला त्याहून कामाचं वाटतं ते सव्वीसवर एसी आणि सोबत सावकाश फिरणारा पंखा. आपल्याला त्रास होतो तो मुख्यतः दमटपणाचा. एसी हवेतलं पाणी काढतो, पंखा घाम वाळवतो, मग आकडा अठरावर नेण्याची गरज उरत नाही. जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, पाच मिनिटांचं काम आहे. ऐरोली, कोपरखैरणे, कोलशेत अशा खाडीकडच्या घरांत बाहेरच्या युनिटचे पत्रे आणि नळ्या खाऱ्या हवेने लवकर गंजतात. तिथे वर्षाची सर्व्हिसिंग टाळण्यात बचत नाही.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून, गॅलरीत, बांबूची चीक सोडा. ऊन काचेच्या आत शिरल्यावर पडद्याने अडवलं तरी उष्णता खोलीतच राहते.

कूलर मात्र घेऊ नका. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो राजा आहे. इथे हवा आधीच पाण्याने भरलेली, त्यात कूलर आणखी पाणी सोडतो. अंग चिकचिकतं आणि कपाटाला बुरशी येते.

गिझरचा हिशेब लोकांना वाटतो तेवढा भयंकर नाही. पंधरा लिटर पाणी २७ अंशांवरून ५५ वर न्यायला अर्धं युनिट लागतं. दोन हजार वॅटचा गिझर हे काम पंधरा मिनिटांत करतो. वीज वाया जाते ती सकाळी सहाला बटण दाबून नऊपर्यंत विसरल्याने. टाकी थंड होते, पुन्हा तापते. एकामागोमाग अंघोळी उरका आणि शेवटच्याने बटण बंद करायचं असा घरात नियम ठेवा. गॅस गिझर असेल तर तो बंद बाथरूममध्ये नको. जळताना ऑक्सिजन संपतो, कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. इथे काटकसर करायची नाही.

पाणी: आरओ लागतो का?

इथे जरा थांबू, कारण या एका यंत्रावर आपल्या भागातली घरं विनाकारण खूप खर्च करतात. नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणातून येतं. ठाण्याचं भातसा आणि उल्हास नदीच्या खोऱ्यातून. हे पावसाचं साठवलेलं, गोडं पाणी आहे. त्यात विरघळलेले क्षार कमी असतात. आरओचं मुख्य काम क्षार काढणं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. धरणाचं पाणी तिच्या खूप खाली असतं. अशा पाण्यावर आरओ लावला की एक लिटर प्यायला दोन-तीन लिटर मोरीत जातं, वर दरवर्षी मेंब्रेनचा खर्च.

तेव्हा घ्यायच्या किंवा बदलायच्या आधी असं करा. एक साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणा, किंवा शेजाऱ्यांकडून मागून घ्या. स्वयंपाकघराच्या नळाचं पाणी सकाळी मोजा, मग आठवड्याने पुन्हा, आणि एकदा टँकर आलेल्या दिवशी. तिन्ही आकडे दोनशेच्या आत असतील तर यूव्ही (अतिनील किरणांचा) किंवा यूएफ (बारीक गाळणीचा) फिल्टर पुरतो. टँकरच्या दिवशी आकडा उसळत असेल, म्हणजे इमारतीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळत असेल, तर आरओचा विचार रास्त आहे. मात्र टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही. आकडा कमी आला म्हणून फिल्टरच काढून टाकू नका, आणि पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर गाळून, उकळूनच प्या.

सोसायटीत पाण्याचं बिल बहुधा सगळ्यांत वाटलं जातं. त्यामुळे तुम्ही एकट्याने बादलीने अंघोळ केलीत तरी मेंटेनन्सच्या पावतीत ते दिसत नाही. दिसतो तो टँकरचा आकडा. म्हणून सेक्रेटरींना एकच गोष्ट विचारा: गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक नीट बंद होतो का? टाकी भरून वाहणारा पाइप पहाटे वाजत असेल तर उत्तर सगळ्या इमारतीला ऐकू येत असतं.

ठिबकणारा नळ स्वतः दुरुस्त करणं

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर पाणी घालवतो. प्लंबर एवढ्याशा कामाला यायला कुरकुरतो आणि आला की किमान व्हिजिटचे पैसे घेतो. हे काम कुणालाही जमतं.

आधी नळाचा प्रकार ओळखा. हँडल दोन-तीन वेढे फिरवावं लागत असेल तर आत रबरी वॉशर आहे. पाव किंवा अर्ध्या वेढ्यात नळ पूर्ण उघडत असेल तर आत सिरॅमिक कार्ट्रिज आहे. वॉशर दोन-चार रुपयांचा, कार्ट्रिज थोडं महाग, पण नवा नळ घेण्यापेक्षा खूपच स्वस्त.

१. नळाखालचा अँगल कॉक बंद करा. भिंतीतल्या नळाला तो नसेल तर बाथरूमचा मुख्य कॉक. नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या.

२. सिंकच्या किंवा नाहणीच्या जाळीवर फडकं टाका. बारीक स्क्रू एकदा आत गेला की सगळं काम तिथेच थांबतं.

३. हँडलवरची लाल-निळी टिकली नखाने किंवा चाकूच्या टोकाने उचला, खाली स्क्रू असतो. तो काढा, हँडल वर ओढा.

४. आता दिसेल तो पितळी भाग पान्याने डावीकडे फिरवून सोडवा. पाना आणि नळ यांच्या मध्ये कापडाची घडी ठेवा, म्हणजे चकाकीवर ओरखडे येत नाहीत.

५. काढलेला भाग तसाच पिशवीत घालून हार्डवेअरच्या दुकानात न्या. माप तोंडी सांगू नका. कार्ट्रिजचे दाते आणि लांबी कंपनीगणिक बदलते.

६. नवा भाग आधी हाताने बसेपर्यंत फिरवा, शेवटी पान्याने जेमतेम पाव वेढा. जोर लावून आवळलं की रबर चिरडतं आणि महिन्याभरात पुन्हा थेंब. टेफ्लॉन टेप इथे गुंडाळायची नसते, ती पाइपच्या आट्यांसाठी.

७. अँगल कॉक सावकाश उघडा.

त्याच फेरीत दुकानातून एरेटर, म्हणजे नळाच्या तोंडाला लागणारी जाळी, आणा. भांडी घासायच्या नळाला ती लावली की धार तेवढीच वाटते आणि पाणी निम्म्यावर येतं. बादली भरायच्या नळाला लावू नका. बादलीला लागायचं ते पाणी लागणारच, उगाच वेळ वाढतो.

फ्लश टाकी आतून गळते का हे बघायला बीट उकडलेलं लाल पाणी टाकीत ओता आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात गुलाबी रंग उतरला तर तळाचं रबर गेलंय.

गॅस

पाइपचा असो की १४.२ किलोचा सिलिंडर, सूत्र एकच: ज्योत निळी आणि भांड्याच्या बुडाच्या आत. पिवळी ज्योत म्हणजे बर्नरची भोकं तुंबली. बर्नर काढून गरम साबणपाण्यात भिजवा, भोकं बारीक तारेने मोकळी करा, पूर्ण वाळवून बसवा. कुकरला पहिली शिट्टी झाली की आच कमी करा. आतलं पाणी दाबामुळे १२० अंशांच्या आसपास उकळत असतं. पुढच्या शिट्ट्या म्हणजे बाहेर फेकलेली वाफ, त्याने डाळ लवकर शिजत नाही. तूरडाळ अर्धा तास, राजमा-छोले रात्रभर भिजवले की फरक सरळ दिसतो.

सिलिंडरवरून पाइप गॅसवर आलात आणि जुनी शेगडी तीच ठेवलीत तर नोझल बदलून घ्या. दोन्ही गॅसना भोकाचा आकार वेगळा लागतो. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची, तारीख तिच्यावरच छापलेली असते. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक दाराच्या आत लिहून ठेवा.

सफाई: काय चालतं, काय नाही

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढणारे व्हिडिओ बघायला छान वाटतात. प्रत्यक्षात आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि हातात जवळजवळ मीठपाणी उरतं. वेगवेगळे वापरा. तेलकट चिकटपणाला सोडा, पांढऱ्या क्षारांना आम्ल. एक्झॉस्ट पंख्याच्या जाळीला कढत पाणी आणि धुण्याचा सोडा, अर्धा तास. पण पाती अॅल्युमिनियमची असतील तर धुण्याचा सोडा नको, ती काळी पडतात, तिथे नुसतं भांड्यांचं लिक्विड वापरा. किटलीतल्या, शॉवरच्या भोकांतल्या पांढऱ्या थरावर वाण्याकडचं लिंबूसत्व गरम पाण्यात घालून वापरा. महागड्या डीस्केलरचं काम तेच करतं.

आता खास आपल्या जुन्या घरांसाठी. सिडकोच्या आणि ठाण्याच्या जुन्या इमारतींत ओटा कडप्प्याचा असतो, फरशी कधी शहाबादी. दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांच्यावर लिंबू, व्हिनेगर, लिंबूसत्व काहीही गेलं की पांढरे डाग पडतात आणि ते घासून निघत नाहीत, कारण दगडच खाल्ला गेलेला असतो. संगमरवराचंही तेच. ग्रॅनाइट टिकतो.

ब्लीच आणि टॉयलेटचं आम्लयुक्त क्लीनर एकत्र कधीही ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपल्या बाथरूमला खिडकी म्हणजे वीतभर झरोका.

न वापरलेल्या बाथरूममधून येणारा गटाराचा वास फिनेलने जात नाही. नाहणीच्या ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. आठवड्याला एक तांब्या पाणी ओता.

ओल आणि धान्य

पावसाळ्यात भिंतीचे पापुद्रे निघाले म्हणून लगेच रंगारी बोलावणं म्हणजे पैसे भिंतीला फासणं. भिंत आतून ओली असताना लावलेला रंग पुढच्या पावसात पुन्हा सुटतो. कुठे ओल येते त्याचे फोटो जुलै-ऑगस्टमध्येच काढून ठेवा. बाहेरची चीर किंवा गच्ची असेल तर सोसायटीला पत्र द्या, आणि आतला रंग दिवाळीनंतर भिंत वाळल्यावर. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कपडे वाळत नसतील तर मशीनमध्ये एक जादा स्पिन द्या. त्याला लागणारी वीज रात्रभर पंखा लावण्यापेक्षा कमी असते.

धान्याचं म्हणाल तर तुर्भ्याच्या एपीएमसीतून किंवा जांभळी नाक्यावरून वर्षाचं एकदम भरायची हौस अजून अनेक घरांत आहे. लाल मिरची आणि खड्या मसाल्यांसाठी ती योग्यच आहे: एप्रिल-मे मध्ये आणायचे, कडक उन्हात वाळवायचे, डंकावर कुटून घ्यायचे. गव्हा-तांदळाचं गणित मात्र आता जमत नाही. घरात जागा नाही, गच्चीला कुलूप, आणि ऑगस्टमध्ये सोंडे पडले की स्वस्तात घेतलेलं पोतं निवडता निवडता जीव जातो. एक पोतं तीन शेजाऱ्यांत वाटून घ्या. भाव घाऊक मिळतो आणि साठा तीन महिन्यांत संपतो. तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवा, तांदळात कडुनिंबाचा पूर्ण वाळलेला पाला घाला. ओला पाला घातला तर बुरशीच लागेल.

रवा, मैदा, बेसन आणल्या आणल्या पाकिटासकट तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, किड्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट लगेच फोडू नका. खोलीच्या तापमानाला यायला चार-पाच तास द्या, बाहेरून फडक्याने पुसा आणि मगच कोरड्या डब्यात ओता. नाहीतर दमट हवेतलं पाणी थंड रव्यावर जमतं आणि आठवड्यात त्याच्या गुठळ्या होतात.